चंदेरी नावाचे गाव

मराठी घरांत साड्यांची नावे बहुधा गावांवरून पडलेली असतात. पैठणी पैठणची, महेश्वरी महेश्वरची, नारायणपेठी नारायणपेठची, इरकली इलकलची. या नावांत गावाला एखादा प्रत्यय लागतो आणि साडीचे नाव तयार होते. गाव कुठे संपले आणि वस्त्र कुठे सुरू झाले, हे निदान कानाला कळते. चंदेरीच्या बाबतीत तेवढीही फट उरलेली नाही. गावाचे नाव चंदेरी, साडीचे नावही चंदेरी, आणि त्यात भर म्हणजे आपल्या भाषेत चांदीच्या रंगाला, चांदण्या रात्रीला, पिकलेल्या केसांना आणि चित्रपटांच्या दुनियेलाही आपण चंदेरीच म्हणतो. ‘रुपेरी जर असते म्हणून चंदेरी’ असे स्पष्टीकरण मी साड्यांच्या दुकानांत विक्रेत्यांकडून आणि चांगल्या जाणत्या स्त्रियांकडूनही ऐकलेले आहे. या ओढाताणीत जे हरवले ते गाव. मला त्याचे मनापासून वाईट वाटते, कारण ते वस्त्र त्या गावावाचून समजत नाही, असे माझे ठाम मत आहे.

हे गाव मध्य प्रदेशाच्या अशोकनगर जिल्ह्यात, विंध्याच्या टेकड्यांत, बेतवा नदीच्या पश्चिमेला आहे. माळवा जिथे संपतो आणि बुंदेलखंड जिथे सुरू होतो, त्या सीमेवर ते वसलेले आहे. मुंबईहून दिल्लीकडे जाणारा लोहमार्ग बीना, ललितपूर, झाशी असा नदीच्या पलीकडून गेला आणि चंदेरी अलीकडे राहिली. आजही तिथे जायचे तर ललितपूरला उतरून, बेतवा ओलांडून, मोटारीने तासाभराचा रस्ता कापावा लागतो. टेकडीवर किल्ला, टेकडीच्या पायथ्याशी तटबंदीच्या आत गाव, आणि गावभर दगड. दारांच्या चौकटी दगडाच्या, सज्जे दगडाचे, छपरांवर कौलांऐवजी दगडाच्या फरश्या. हे मी पाहिले तेव्हा मला बाबराच्या आठवणींतील नोंद आठवली. चंदेरीत थोरांची घरे कोरीव दगडाची आणि सामान्यांचीही घरे दगडाचीच, फक्त बिनकोरीव. छपरांवर मातीच्या कौलांच्या जागी दगडी फरश्या, असे त्याने लिहून ठेवले आहे. ज्या शहरावर तो चालून गेला, त्या शहराची घरे न्याहाळण्याइतकी त्याची नजर शाबूत होती, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे.

बाबराची ती स्वारी जानेवारी 1528 मधील. आदल्या वर्षी खानव्याच्या रणांगणावर राणा संगाचा पराभव झाला होता आणि राणाचा सरदार मेदिनी राय चंदेरीचा किल्ला धरून बसला होता. बाबराने त्याला चंदेरीच्या बदल्यात शमसाबाद देऊ केले. त्याने ते नाकारले. किल्ला पडला, आतल्या स्त्रियांनी जोहार केला. किल्ल्यावर त्या जोहाराचे स्मारक आहे आणि तिथे गेल्यावर माणूस आपोआप गप्प होतो. मात्र चंदेरीचा इतिहास म्हणून पर्यटकांना एवढा एकच दिवस सांगितला जातो, हे मला पटत नाही. या शहराला त्याआधीची काही शतके होती आणि ती बाजाराची, रस्त्यांची, कारागिरांची शतके होती.

चंदेरी मोठी झाली ती रस्त्यांमुळे. दिल्ली-आग्र्याकडून माळव्याकडे, माळव्यातून गुजरातच्या बंदरांकडे आणि दक्षिणेकडे जाणाऱ्या वाटा तिच्या आसपासून जात. ज्याला माळवा हवा त्याला चंदेरी लागे. म्हणून 1251 मध्ये दिल्लीच्या सुलतानाचा सेनापती बल्बन इथे आला, 1438 मध्ये माळव्याचा महमूद खिलजी आला, आणि त्यानंतर राणा संगाने ती घेतली. माळव्याच्या सुलतानांच्या काळात शहराने जे बांधले ते अजून उभे आहे. 1445 मध्ये महमूद खिलजीने बांधायला घेतलेला कोशक महाल हे त्यातले सर्वांत विलक्षण बांधकाम. चौकोनी इमारत, दोन मोठे मार्ग एकमेकांना मधोमध छेदतात आणि महालाचे चार सारखे भाग होतात. सात मजले करण्याचा बेत होता असे सांगतात. आज तीन मजले पुरे आणि चौथ्याचा थोडा भाग आहे. नक्षी अगदी मोजकी, जवळजवळ नाहीच. सगळे सौंदर्य कमानींच्या ओळींत आणि त्यांतून आत येणाऱ्या उजेडात. चंदेरीचे कापड आणि चंदेरीचा हा महाल यांत मला एकच वृत्ती दिसते: भरगच्च न करता, मोकळी जागा राखून शोभा आणायची. ही माझी वैयक्तिक समजूत आहे, तिला पुरावा मागू नये.

अकबराच्या काळी लिहिलेल्या आईन-इ-अकबरीत चंदेरीचे वर्णन येते: 14,000 दगडी घरे, 384 बाजार, 360 सराया आणि 12,000 मशिदी. मशिदींचा आकडा कोणालाही खरा वाटणार नाही. 14,000 घरांच्या गावात 12,000 मशिदी कशा असतील? पण अशा वाढवलेल्या आकड्यांतही एक खरी गोष्ट असते, ती ही की लिहिणाऱ्याच्या मनात चंदेरी हे फार मोठे शहर होते. बाजार आणि सराया यांचे आकडे देताना त्याला व्यापारी शहर दाखवायचे आहे, हे उघड आहे. आणि जिथे इतके प्रवासी, इतके सरदार, इतके हाकिम येत-जात, तिथे हलक्या, बारीक सुताच्या, दूरवर नेता येईल अशा कापडाला गिऱ्हाईक मिळणे स्वाभाविक होते. चंदेरीचे सुती कापड पागोट्यांसाठी, शेल्यांसाठी, दुपट्ट्यांसाठी जाऊ लागले. बांबूच्या नळीत घालून दरबारी पाठवलेले कापड उलगडले तेव्हा त्यात हत्ती झाकला गेला, ही कथा गावात अजून सांगतात. ढाक्याच्या मलमलीबद्दलही अशा कथा आहेत आणि त्या कोणी शब्दशः घेत नाही. बारीक विणकामाची कीर्ती लोकांनी कशी जपली, एवढेच त्यातून कळते.

मराठी माणसाचा चंदेरीशी संबंध येतो तो पुढे. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून इथे बुंदेल्यांचे राज्य होते. 1811 मध्ये दौलतराव शिंद्यांच्या फौजेने, जाँ बाप्तिस्त फिलोज या सेनानीच्या हाताखाली, चंदेरी घेतली आणि साताऱ्याजवळच्या कण्हेरखेडातून निघालेल्या घराण्याच्या ताब्यात हे बुंदेली गाव आले. मध्ये काही काळ ते इंग्रजांकडे गेले. 1857 च्या उठावात चंदेरीचा बुंदेला राजा मर्दनसिंह इंग्रजांविरुद्ध उभा राहिला आणि 17 मार्च 1858 रोजी, झाशीला वेढा पडण्याच्या अवघे काही दिवस आधी, ह्यू रोजच्या फौजेने किल्ला घेतला. त्यानंतर काही वर्षांतच चंदेरी पुन्हा ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे आली ती संस्थान विलीन होईपर्यंत.

या राजकीय अदलाबदलीचा कापडावर झालेला परिणाम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रस्त्यांचे महत्त्व गेलेले, व्यापार आटलेला, रेल्वे दुसरीकडून गेलेली, आणि मँचेस्टरचे कापड दारात आलेले. अशा वेळी चंदेरीचे माग बंद पडायला काहीच हरकत नव्हती. शेकडो गावांचे पडलेच. चंदेरीचे माग चालू राहिले, कारण ग्वाल्हेरचा दरबार, त्याचे सरदार, मानकरी आणि कारकुनांचीसुद्धा घरे हे कापड घेत होती. इंदूर, बडोदे, नागपूर इथल्या मराठी घराण्यांतही ते जात होते. माळव्या-बुंदेलखंडाच्या सीमेवरचा विणकर नऊवारी लुगड्याची लांबी आणि मराठी बायकांना हवा तसा काठ-पदर विणू लागला. विसाव्या शतकाच्या आरंभी ग्वाल्हेर दरबाराने चंदेरीत विणकामाच्या शिक्षणाचीही सोय केली. मराठी दरबाराने उत्तरेत नेमके काय केले याची चर्चा आपल्याकडे लढायांच्या अंगाने पुष्कळ होते. एका गावाचे माग शतकाहून अधिक काळ चालते ठेवले, हा त्याचा लेखाजोखा क्वचितच कोणी मांडतो.

माझी मावशी लग्न होऊन ग्वाल्हेरच्या लष्कर भागात गेली, त्यामुळे चंदेरी हे एक गाव आहे हे आमच्या घरात ठाऊक होते. ‘चंदेरीची चंदेरी’ असे मावशी म्हणत असे, आणि त्या द्विरुक्तीत एक बारीकसा अभिमान असे. तिच्या सासूबाईंची एक नऊवारी चंदेरी तिच्याकडे आहे. सायीच्या रंगाची, कुंकवाच्या रंगाचा काठ, अंगभर विरळ अशर्फी बुट्टी. अशर्फी बुट्टी म्हणजे नाण्याएवढा जरीचा गोल. ती साडी उजेडात धरली की जमीन दिसेनाशी होते आणि ते गोल हवेत ठेवल्यासारखे दिसतात. मावशी दर सहा महिन्यांनी ती काढते आणि घडी बदलून ठेवते. तिच्या सासूबाईंनी तिला तसे शिकवले होते. घडी एकाच जागी राहिली तर साडी तिथे चिरते.

असे का होते ते मला चंदेरीला माग पाहिल्यावर उमगले. रेशमाच्या कच्च्या धाग्यावर किड्याने सोडलेला एक चिकट थर असतो. बहुतेक ठिकाणी विणण्यापूर्वी धागा उकळून तो थर काढतात, म्हणजे रेशीम मऊ पडते, फुलते आणि चमकते. चंदेरीचा विणकर तो थर तसाच ठेवतो. त्यामुळे धागा सपाट आणि किंचित ताठ राहतो, त्याला तूस सुटत नाही, दोन धाग्यांमधली जागा मोकळी राहते आणि कापड पारदर्शक होते. चंदेरी अंगावर जी थोडी कडक, अंगापासून दूर उभी राहते, ती याच कारणाने. आणि घडीवर तिचा धागा दुखावतो तोही याच कारणाने. तिचे सौंदर्य आणि तिची नाजूक बाजू एकाच गोष्टीतून येतात.

मी ज्या घरात गेले होते तिथे माग जमिनीत खणलेल्या खड्ड्यावर बसवलेला होता. विणकर काठावर बसतो, पाय खड्ड्यातल्या पावड्यांवर. खोलीत उजेड एकाच खिडकीतून, आणि माग मुद्दाम तिथेच. विणणारे गृहस्थ अन्सारी होते, साठीच्या पुढचे. गावात अन्सारी मुसलमान आणि कोळी समाजाचे हिंदू असे दोन्ही विणकर आहेत आणि कामाची भाषा दोघांची एकच. मी त्यांना चाचा म्हणाले, ते मला बाई साहब म्हणाले. ग्वाल्हेरकडच्या मराठी बायकांना त्या भागात असेच म्हणायची रीत आहे. ताण्यावर, म्हणजे उभ्या धाग्यांत, रेशीम; बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, सूत. बुट्टी काढताना ते करत होते ते मी पुष्कळ वेळ पाहत राहिले. पन्ह्यात जितक्या बुट्ट्या, तितक्या छोट्या तिल्ल्या, म्हणजे जर गुंडाळलेल्या कांड्या, ताण्यावर ओळीने पडलेल्या. एक तिल्ली उचलायची, मोजक्या धाग्यांखालून बोटाने सारायची, ठेवायची, पुढची उचलायची. ओळ पुरी झाली की आडवा धागा नेणारा धोटा टाकायचा, फणी ओढून ठोकायची, आणि पुन्हा पहिल्या तिल्लीपासून सुरुवात. गव्हाच्या दाण्याएवढी उंची वाढायला ही ओळ कितीदा तरी फिरते. काठासाठी हल्ली यंत्राचा आधार घेतात. बुट्टीला मात्र बोटेच लागतात. साडीची किंमत सांगताना चाचांनी जर किती लागली ते आधी सांगितले नाही. तिल्ल्या किती चालल्या ते सांगितले.

कोपऱ्यात एका टोपलीत कांद्यासारखे काही कंद ठेवलेले होते. ‘हा कोलीकंदा’, चाचांच्या पत्नी म्हणाल्या. त्याचा रस काढून सुताला खळ देतात. कोकणात आणि घाटावर आपण ज्याला रानकांदा किंवा कोळकांदा म्हणतो, तोच हा असे मला त्याचे रूप पाहून वाटले. आसपासच्या रानातून तो येतो. म्हणजे कापड या गावचे आहे ते केवळ इथले लोक विणतात म्हणून नव्हे. इथल्या टेकड्यांवरचा कंदही त्या सुतात शिरलेला आहे.

मात्र इथे मला एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. जुनी चंदेरी ती खरी, असे म्हणणारे बहुधा ज्या साडीकडे बोट दाखवतात तीही फार जुनी नसते. अस्सल जुनी चंदेरी निव्वळ सुती होती, आणि ते सूत हाताने कातलेले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गिरणीचे सूत आले आणि हातकताईचे संपले. 1930 च्या दशकात जपानी रेशीम आले आणि चंदेरीच्या विणकरांनी ते ताण्याला लावून पाहिले. सुती चंदेरीत जी पारदर्शकता सुताच्या बारीकपणाने येत होती, ती आता रेशमाने येऊ लागली. आज आपण जिला पारंपरिक म्हणतो ती रेशीम-सुती चंदेरी त्यानंतरची. जुने रंगही फिकेच असत, सायीचे, बदामी, फार तर केशरात बुडवलेले. गडद रंगांची चंदेरी अलीकडची. मला यात काही बिघडले असे वाटत नाही. सूत बदलले, रंग बदलले, गिऱ्हाईक सुलतानांपासून सरदारणींपर्यंत आणि तिथून शहरातल्या नोकरदार स्त्रियांपर्यंत बदलत गेले. जे बदलले नाही ते म्हणजे गाव आणि हात. म्हणूनच नावातून गाव वजा करण्याला माझा विरोध आहे.

कारण आता तेच घडते आहे. ‘चंदेरी सिल्क’ या नावाने बाजारात मीटरवर मिळणारे बरेचसे कापड यंत्रमागावरचे असते, त्यात कृत्रिम धागा असतो आणि त्याने बेतव्याचे पाणी कधी पाहिलेले नसते. त्याचे ड्रेस शिवले जातात, पडदे होतात, लग्नाच्या मांडवांना ते गुंडाळले जाते. 2005 मध्ये चंदेरीला भौगोलिक मानांकन मिळाले. कायद्याने आता ते नाव त्या गावाच्या मागावर विणलेल्या कापडालाच लावता येते. कायदा आहे हे उत्तम, पण दुकानात उभी असलेली गिऱ्हाईक बाई जर चंदेरी म्हणजे रुपेरी असे समजत असेल, तर कायद्याला फसवणूक सापडणार कुठून? रुपेरी कापड तिला मिळालेले असते. मानांकनाचा सगळा आधारच हा, की हे एका ठिकाणाचे नाव आहे एवढे तरी घेणाऱ्याला माहीत असावे.

ओळखायच्या काही खुणा चाचांनी दाखवल्या. बोटांनी विणलेल्या दोन बुट्ट्या कधी अगदी एकसारख्या नसतात. बुट्टीची जर उलट्या बाजूने कापलेली नसते, ती वळून परत आलेली असते. यंत्राच्या बुट्टीला मागे कातरलेले तूस लागते. आणि काठ. जुन्या पद्धतीच्या काठाला तिथे नालफेरमा म्हणतात: तीन धोटे, एक अंगाचा आणि दोन काठांचे, आणि अंगाचा बाणा काठात न शिरता काठाच्या धाग्याला अडकून मागे फिरतो, म्हणून काठाचा रंग निर्भेळ राहतो. आपल्या विदर्भातल्या करवतकाठी साडीचीही हीच युक्ती आहे, आणि नागपूर-भंडाऱ्याचे कोष्टी ती पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. हे मी सांगितले तेव्हा चाचांनी काम थांबवून करवतीचे दाते कसे दिसतात ते मला हाताने काढून दाखवायला लावले. नालफेरम्याला दोन माणसे शेजारी बसावी लागतात, एकाने फेकलेला धोटा दुसऱ्याने झेलायचा. मजुरी मात्र साडीमागे ठरलेली असते. सूत, रेशीम, जर व्यापारी देतो, साडी तोच घेऊन जातो. दोघांनी बसून मिळणारी रक्कम एकट्याच्या कमाईपेक्षा फारशी जास्त नसेल, तर हा काठ कोण विणेल? चाचांचा एक मुलगा मागावर बसतो, धाकटा भोपाळला नोकरी करतो, आणि त्याबद्दल त्यांना खंत आहे असे मला दिसले नाही. ती खंत त्यांच्यावर लादण्याचा मला अधिकारही नाही. मागावर बसणाऱ्या मुलाला धाकट्याइतके पैसे मिळावेत, एवढेच त्यांचे म्हणणे होते, आणि मला ते सोळा आणे पटले.

निघताना मी त्यांना नऊवारी विणाल का असे विचारले. तरुणपणी वडिलांशेजारी बसून विणल्याचे त्यांना आठवत होते. त्या लांबीला त्यांच्या घरात ‘ग्वाल्हेरचे माप’ म्हणत. पण ताणा एका साडीपुरता लावत नाहीत, सलग कितीतरी साड्यांचा लावतात. एका नऊवारीसाठी माग भरला तर उरलेल्या ताण्याचे काय करायचे, हा त्यांचा प्रश्न होता. मी तिथूनच मावशीला फोन लावला. मग ठरले ते असे: त्याच ताण्यावर पहिली नऊवारी निघेल, उरलेल्या सहावारी होतील, काठ सर्वांना तोच, आणि त्या आमच्या मावस-आत्ते बहिणी आपापसांत वाटून घेतील. मूल्य आधी निम्मे, थेट चाचांच्या हाती. नालफेरमा असल्याने दोघांची मजुरी धरून. मोठा मुलगा दुसऱ्या बाजूला बसेल. अशर्फीचे नेमके अंतर आणि कुंकवाचा तो नेमका रंग जमवण्यासाठी जुनी साडी समोर लागेल, असे त्यांनी सांगितले. मावशीने साडी कुरिअरने पाठवायला साफ नकार दिला आहे. ती स्वतः घेऊन येणार आहे, दिवाळीनंतर, ललितपूरपर्यंत रेल्वेने. इतकी वर्षे ग्वाल्हेरात काढून तिने चंदेरी पाहिलेली नाही.